विषय क्रमांक अकरा

पूर्णिमा ओव्हाळ सव्वीस वर्षं निंबोळखेड नगरपरिषदेच्या सभांची इतिवृत्तं लिहीत होती. या काळात सभागृहात कोणी शहाण्यासारखं बोलल्याचे प्रसंग तिने एका हाताच्या बोटांवर मोजले असते, आणि तरी दोन बोटं शिल्लक राहिली असती.

राहायला ती सदाशिव पेठेत. लग्नानंतर तिने आणि संजयने तिथे फ्लॅट घेतला, तेव्हा सोसायटीच्या चिटणिसांनी आडनाव तीनदा विचारून घेतलं होतं. तिसऱ्या वेळी तिने ते अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं आणि वर विचारलं, "लिहून देऊ का?" त्यानंतर चिटणीस जिन्यात भेटले की आधी नमस्कार करत. तिचा स्वभाव असा होता. घरात, बसमध्ये, वाण्याकडे ती कोणाचं काही ऐकून घेत नसे. रोज सकाळी चालत स्वारगेटला जायचं, तिथून बस पकडायची आणि तासाभराने, पुण्याला खेटून वाटेल तसं फुगलेल्या त्या निंबोळखेडला उतरायचं. नगरपरिषदेचा जिना चढला की मात्र तिची जीभ दप्तरात जायची आणि फक्त पेन बाहेर यायचं.

काम सोपं होतं. सभेत जे बोललं जाई ते ऐकायचं आणि भलतंच काहीतरी लिहायचं. दोन सदस्य एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करत. ती लिही, 'विषयावर साधकबाधक चर्चा झाली.' दीपालीताई पाच वर्षं नगरसेविका होत्या, पण सभेत बोलायचे ते मागच्या खुर्चीवर बसलेले त्यांचे यजमान. ती लिही, 'सन्माननीय सदस्या यांनी मौलिक सूचना केली.' निम्मे सदस्य चहाला उठून गेलेले असत. ती लिही, 'सर्वानुमते मंजूर.' मधे चार वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत आणि प्रशासक आले. तेव्हाही गटारं तेवढीच तुंबत, पण त्यांच्यावर भाषणं होत नसत. पूर्णिमाच्या मते निंबोळखेडचा तो सुवर्णकाळ होता.

मग निवडणुका झाल्या आणि चोवीस जण पुन्हा खुर्च्यांवर येऊन बसले. सभागृहात बाबासाहेबांची मोठी तसबीर होती. जयंतीला त्या तसबिरीला हार घालताना फोटोत यायला चोवीसच्या चोवीस हजर. अर्थसंकल्पाच्या सभेला नऊ. ती हे मनात टिपून ठेवत असे. कागदावर 'गणपूर्ती झाल्याने सभेचे कामकाज सुरू झाले' एवढंच.

नवे नगराध्यक्ष संतोष झांबरे यांना गावाच्या वेशीवर स्वागत कमान हवी होती. वेस मंडईला लागून. आणि कमानीचा उजवा खांब जिथे येणार, ती जागा आराखड्यात बायकांच्या स्वच्छतागृहासाठी ठेवलेली होती.

त्या स्वच्छतागृहामागे एक बाई लागली होती. मालनबाई. रोज पहाटे मार्केट यार्डातून माल उचलायचा, टेम्पोने निंबोळखेडच्या मंडईत आणायचा आणि सूर्य मावळेपर्यंत बसून विकायचा. मंडईत अशा चाळीसेक बायका, आणि त्यांच्यासाठी एकही आडोसा नाही. मालनबाईने अर्ज दिला. मग दुसरा, तिसरा. दर महिन्याच्या सभेला ती मेथीची पाटी शेजारणीच्या हवाली करून यायची आणि सभागृहाच्या शेवटच्या बाकावर बसायची. विषय पुकारला जाई, 'पुढील सभेत घ्यावा' असं कोणीतरी म्हणे आणि ती उठून जाई. सात महिने हे चाललं.

पूर्णिमाला ती बाई बावळट वाटे. सभागृहात बसून काही घडतं, असं समजणारी निंबोळखेडमध्ये ही एकटीच उरली असावी. एकदा जिन्यात गाठ पडली, तेव्हा तिने स्पष्टच सांगितलं, "अहो मालनबाई, कशाला धंदा बुडवून येता? इथे काही होत नसतं."

"आवं मॅडम, म्या बसले का त्यांना माझ्याकडं बगावं तरी लागतंय," मालनबाई म्हणाली. "सकाळपास्नं पानी पित न्हाई आमी. प्यालं तर जायाचं कुटं? मागल्या साली मूतखड्यानं आठ दिस दवाखान्यात हुते."

पूर्णिमा "बरं" म्हणाली आणि आपल्या टेबलाकडे गेली. टेबलावर पाण्याची बाटली होती आणि पंधरा पावलांवर कर्मचाऱ्यांचं स्वच्छतागृह. तिला स्वतःचा थोडा राग आला, पण असे राग गिळायची तिला सवय झालेली होती.

आठव्या सभेत विषय क्रमांक दहा स्वागत कमानीचा होता आणि अकरा स्वच्छतागृहाचा. कमानीवर दीड तास गेला. ती कोणाच्या नावाने असावी यावर अर्धा तास. झांबऱ्यांच्या वडिलांचं नाव ठरल्यावर उरलेला तास सिंहांवर. कमानीवर दोन सिंह बसवायचे होते. राकेश झांबरे हे नगराध्यक्षांचे धाकटे बंधू आणि प्रभाग चारचे नगरसेवक. त्यांचं म्हणणं, सिंहांची तोंडं रस्त्याकडे हवीत, म्हणजे येणाऱ्यावर छाप पडेल. पुन्हा निवडून आलेल्या दीपालीताईंच्या यजमानांनी मागच्या खुर्चीवरून हरकत घेतली की मग सिंहांचे पार्श्वभाग गावाकडे येतील आणि गावाचा अपमान होईल. यावर राकेशराव उभे राहून म्हणाले, "तुमच्या प्रभागाकडे तेच यायला पाहिजे." मग हातघाई व्हायची वेळ आली. शेवटी सिंह आडवे बसवावेत असं ठरलं.

"विषय क्रमांक अकरा," पूर्णिमाने वाचलं.

शेवटच्या बाकावरून मालनबाई उठली. "सायेब, मला दोन शब्द—"

"बसा, बसा," नगराध्यक्ष मोबाइलमध्ये बघत म्हणाले. "जेवण गार होतंय. हा विषय संपवून टाका आता. ओव्हाळ मॅडम, अर्जदाराने अर्ज मागे घेतला असं लिहा, म्हणजे परत परत नको."

खुर्च्या सरकल्या. त्या दिवशी खाली मांडवात मटणाचा बेत होता. दोन मिनिटांत सभागृहात दोघीच उरल्या, टेबलाशी पूर्णिमा आणि बाकाशी मालनबाई.

मालनबाई टेबलाजवळ आली. "मॅडम, मला वाचाया येत न्हाई. माझं काय लिवलं ते वाचून दावा."

पूर्णिमाने कच्ची टिपणं पुढे ओढली. हात सवयीने आधीच चालला होता. तिने वाचलं, "अर्जदार यांनी अर्ज मागे घेतल्याने विषय निकाली काढण्यात येत आहे."

"म्या कवा मागं घेतला?"

पूर्णिमाने पेनाला टोपण लावलं.

"तुमी हुतात की हितं. म्या कवा मागं घेतला, सांगा."

आवाज चढलेला नव्हता. भाजीचा भाव विचारावा तसं तिने विचारलं होतं आणि उत्तरासाठी ती थांबली होती. सोसायटीच्या चिटणिसाला गार करणारी पूर्णिमा टेबलावरच्या टाचण्या डबीत भरत बसली. थोड्या वेळाने मालनबाई निघून गेली.

त्या दिवशी स्वारगेटला उतरून घरी जाताना पूर्णिमा मनातल्या मनात त्या चोवीस जणांना शिव्या घालत होती. अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं की यादीत पंचविसावं नाव आपलं आहे. ते चोवीस जण निदान जेवायला गेले होते. खोटं लिहायला मागे थांबली होती ती एकटीच. त्यांना अक्कल नव्हती. तिला होती आणि तिने ती सव्वीस वर्षं त्यांच्या मूर्खपणाला इस्त्री करण्यात घालवली.

संजयला तिने सगळं सांगितलं. तो बँकेतून निवृत्त झालेला, सावध माणूस. "दोन वर्षं राहिलीत तुझी," तो म्हणाला. "कशाला वाकड्यात जायचं?"

"वाकड्यात नाही, सरळच जाणार आहे," ती म्हणाली. "झालं तेवढंच लिहिणार आहे."

दुसऱ्या दिवशी तिने आयुष्यात पहिल्यांदा खरं इतिवृत्त लिहिलं. नेहमी तीन पानांत मावणारी सभा अकरा पानं झाली. भाषा तिने तीच ठेवली, सरकारी, नेसवून-सवरून उभी केलेली. 'सन्माननीय सदस्य श्री. राकेश झांबरे यांनी सिंहांची मुखे रस्त्याच्या दिशेने असावीत असे मत मांडले. सन्माननीय सदस्या यांच्या यजमानांनी, ते सदस्य नसताना, असे केल्यास सिंहांचे पार्श्वभाग गावाकडे येतील अशी हरकत नोंदविली. त्यावर श्री. झांबरे यांनी सदर पार्श्वभाग त्यांच्याच प्रभागाकडे यावेत असे सुचविले. या विषयावर दीड तास चर्चा झाली.' आणि खाली: 'विषय क्र. ११, मंडईतील महिलांसाठी स्वच्छतागृह. या विषयावर कोणीही बोलले नाही. अर्जदार श्रीमती मालनबाई उपस्थित होत्या. त्यांना बोलू दिले नाही. मा. नगराध्यक्षांनी जेवण गार होत असल्याचे सांगून, अर्जदाराने अर्ज मागे घेतला असे लिहिण्याचा आदेश दिला. अर्जदाराने अर्ज मागे घेतलेला नाही.'

पुढच्या सभेच्या सात दिवस आधी इतिवृत्ताच्या प्रती चोवीस घरी पोहोचल्या. पूर्णिमा रोज धास्तीने फोनची वाट बघत होती. पण फोन आला नाही. एकाचाही नाही. पाकिटंच कोणी फोडली नव्हती. भीती हळूहळू ओसरली आणि तिच्या जागी असा काही तिटकारा आला की तिला एकटीलाच हसू फुटलं.

नववी सभा. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. "मंजूर, मंजूर," मागून कोणीतरी ओरडलं. सूचक राकेशराव झांबरे, अनुमोदक दीपालीताई. नगराध्यक्षांनी फोनवर बोलता बोलता अकराही पानांवर सह्या केल्या. मुख्याधिकारी बदलून येऊन तीन आठवडे झाले होते, त्यांनी नगराध्यक्षांची सही बघून आपली केली. पाऊण मिनिट लागलं.

आपलं शेवटी काय लिहिलं ते कळावं म्हणून मालनबाईने प्रतीसाठी अर्ज केला, तेव्हा पूर्णिमाने नियमाप्रमाणे शिक्का मारून अकरा पानं तिच्या हातात ठेवली. "घरी कोणाकडून तरी वाचून घ्या," एवढंच म्हणाली.

मालनबाईची सून शिकलेली होती आणि पूर्णिमापेक्षा मोठ्या आवाजाची निघाली. तिने ती पानं भर मंडईत, कांद्याच्या पोत्यावर उभी राहून वाचली. सिंहांच्या भागाशी बायका डोळ्यांना पदर लावून हसल्या, आणि अकराव्या विषयाशी हसायच्या थांबल्या. संध्याकाळपर्यंत पानांचे फोटो गावभर फिरले. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या एका वर्तमानपत्रात ते जसंच्या तसं छापून आलं. बातमीदाराला स्वतःचं एक वाक्यही घालावं लागलं नाही.

नगराध्यक्षांनी पूर्णिमाला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा लालबुंद.

"हे काय लिहिलंत तुम्ही?"

"झालं ते लिहिलंय, साहेब."

"कोणाला विचारून?"

"सभागृहाने मंजूर केलंय. सर्वानुमते. सूचक आपलेच बंधू आहेत. प्रत्येक पानावर आपली सही आहे."

"वाचतं कोण ते!"

"ते मला माहीत आहे, साहेब," पूर्णिमा म्हणाली.

मग खास सभा बोलावली गेली, इतिवृत्त दुरुस्त करायला. ती सभा पूर्णिमाला आयुष्यभर पुरेल अशी झाली. काय चुकीचं लिहिलंय ते सांगा, असं मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, तेव्हा जो तो पुढ्यातले कागद चाळू लागला. खरं काय घडलं ते सांगायला गेलं तर तेच पुन्हा लिहिलं गेलं असतं. शिवाय मागच्या बाकावर आता एकटी मालनबाई नव्हती. पस्तीस बायका होत्या, दोन बातमीदार होते. राकेशराव तेवढे उठले आणि म्हणाले, माझं सिंहांचं मत काढू नका, ते बरोबरच होतं. झांबऱ्यांनी भावाचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं. शेवटी इतिवृत्त आहे तसंच राहिलं आणि स्वच्छतागृह मंजूर झालं. कमान चाळीस फूट पुढे सरकली.

पूर्णिमाला कारणे दाखवा नोटीस आली. तिने चार ओळींत उत्तर दिलं आणि सोबत त्यांच्याच सह्यांची अकरा पानं जोडली. पुढे काही झालं नाही. फक्त तिची बदली जन्म-मृत्यू नोंदणीत केली, तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत. तिच्या जागी आलेला माणूस समजूतदार होता. पुढच्या महिन्यात इतिवृत्त पुन्हा तीन पानांचं झालं.

स्वच्छतागृह पाच महिन्यांनी बांधून झालं. उद्घाटनाला झांबरे आले, फीत कापली आणि 'माताभगिनींच्या आरोग्यासाठी मी सुरुवातीपासून आग्रही होतो' असं भाषण केलं. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मंडईतल्याही काही बायका होत्या, हे पूर्णिमाने पाहिलं आणि तिच्या कपाळावर आठी चढली. दाराच्या वर नगराध्यक्षांच्या फोटोचा फलक होता. नळाला पाणी नव्हतं. ते यायला आणखी तीन आठवडे लागले आणि तेवढे दिवस बायकांनी मंडईच्या टाकीवरून बादल्या वाहिल्या.

गर्दी पांगल्यावर मालनबाई तिच्याजवळ आली. "मॅडम, आता या की मंडईत एक डाव. च्या प्यायला."

"चहा कशाला? अजून नळाला पाणी नाही तुमच्या," पूर्णिमा म्हणाली.

"आवं, बादलीभर हाय की भरून ठेवल्यालं," मालनबाई म्हणाली आणि हसली.

पूर्णिमाने घड्याळात पाहिलं. स्वारगेटची बस सुटायला वीस मिनिटं होती. उद्घाटनाच्या मांडवात झांबरे अजून कोणाच्या तरी मोबाइलसाठी पुन्हा एकदा कात्री हातात घेऊन उभे होते. तिने त्यांच्याकडे पाठ केली आणि ती मालनबाईबरोबर मंडईत गेली.