वाळ्याच्या मुळ्या

परवा कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या आणि त्या ओल्या वासाबरोबर गडचिरोलीतलं आमच्या विद्यापीठाचं आवार आठवलं. परिसर हिरवा करायची जबाबदारी तेव्हा माझ्याकडे होती. वसतिगृहामागच्या सखल जागेत रोपं लावायची ठरली होती. कुलगुरूंच्या हस्ते होणारा कार्यक्रम आठवड्यावर आला होता आणि खड्डे खणायला मजूर उभे होते. तेवढ्यात आवार झाडणाऱ्या बाई जवळ आल्या. "मॅडम, इथी रोपं काऊन लावून राह्यले? सडून जातीन ना!" मी म्हटलं, "बाई, जमीन तर कोरडी ठणठणीत आहे." त्यांनी एका मजुराची कुदळ घेतली, वाळक्या गवताचा एक ठोंब खणून काढला आणि त्याच्या मुळ्या माझ्या नाकाशी धरल्या. त्या धुळीत, उन्हात, इतका थंड सुगंध! "वाळा आहे हा. पावसाचं पानी थांबते तिथीच येते. इथी बोडी खना." वनस्पतिशास्त्र शिकवणारी मी, त्या मुळ्या उलटसुलट करून पाहत राहिले. मग धीर करून कुलगुरूंना फोन लावला, रोपं वरच्या अंगाला हलवली आणि तिथे बोडी, म्हणजे छोटं तळं, खोदून घेतली. श्रावणात ती काठोकाठ भरली. त्या बाई बारा वर्षं ती जागा झाडत होत्या. पाहणीला गेले की दरवेळी त्या मला नमस्कार करायच्या, आणि मीही नमस्कार करून पुढे जायची. आणखी काय काय ठाऊक होतं त्यांना, हे विचारायचं राहूनच गेलं.