पलीकडच्या चिखलातल्या सात रेघा

संस्थेत तिला सगळे चाळणताई म्हणत. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले सरही म्हणत. पद प्रयोगशाळा परिचराचं. ओहोटी लागली की चिखलात उतरायचं, लोखंडी चौकट टाकायची, चौकटीतला चिखल खणून चाळणीत धुवायचा आणि उरेल ते मोजायचं. गोगलगायी, शिंपले, किडे, बोटाच्या पेराएवढे खेकडे. बावीस वर्षं तिने हे केलं. तेवढ्या काळात त्या चिखलावर चौघांनी डॉक्टरेट मिळवली. चौघांनाही गोगलगायी ओळखता येत होत्या. बाटलीत असल्या तर.

पाहणीच्या जागा एकोणीस होत्या. बारा ओढ्याच्या अलीकडे, सात पलीकडे. संस्थेची जीप जिथवर जाई तिथवर जीवसृष्टी फार समृद्ध होती. पलीकडे जायचं तर छातीभर पाणी ओलांडायचं आणि भरती फिरायच्या आत परत यायचं. सरांना गुडघे होते. विद्यार्थ्यांना सरांच्या गुडघ्यांची काळजी होती. एकट्या बाईने ओढा ओलांडू नये असा नियम होता; तिच्यासोबत कुणी जावं असा मात्र नव्हता. त्यामुळे गेली तीन वर्षं पलीकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

दर महिन्याला चाळणताई वहीत त्या सात जागांपुढे रेघ ओढी. रेघ म्हणजे गेलो नाही. शून्य म्हणजे गेलो, चाळलं, काही मिळालं नाही. पहिल्या दिवशी जुन्या परिचराने तिला एवढंच शिकवलं होतं आणि तो निवृत्त झाला होता.

एका शनिवारी सरांनी तिला अहवालाच्या प्रती फायलींत लावायला बसवलं. मंगळवारी सुनावणी होती. ओढ्यापलीकडे भराव टाकून गोदामं बांधायची होती. अहवालात एक देखणा नकाशा होता. अलीकडे हिरवागार, पलीकडे राखाडी. खाली लिहिलं होतं: सलग तीन वर्षांच्या काटेकोर पाहणीत हा पट्टा जीवशून्य आढळला.

ती तशीच उठून आकडे भरणाऱ्या कारकुनाकडे गेली.

"अहो, ही शून्यं कुठून आली?"

"तुमच्याच वहीतून, ताई."

"माझ्या वहीत रेघा आहेत."

"संगणक रेघ घेत नाही. रकाना लाल होतो. मी तीनदा करून बघितलं."

"म्हणून शून्य घातलंत?"

"मग काय तुमचं वय घालू?"

ती सरांकडे गेली. सर खुर्चीत मागे रेलले. "चाळणताई, विज्ञान भावनेवर चालत नाही. आकडे काय बोलतात ते ऐकायचं."

"आपण गेलोच नाही, सर. आकडे काय कपाळ बोलणार?"

"पुरावा असला तर आणा. नसला तर फायली लावा."

तिला गोगलगायींचा लळा वगैरे नव्हता. घरी कोबीवर एखादी दिसली तर ती चिमटीत धरून खिडकीबाहेर फेकून देई. पण तिच्या वहीच्या भरवशावर एक जिवंत चिखल मातीखाली गाडला जाणार होता. बावीस वर्षांत तिने एक आकडा खोटा लिहिला नव्हता. हे डोक्यातून जाईना.

नवरा बस दुरुस्तीच्या कारखान्यात होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रविवारी लोक बायकोला सिनेमाला नेतात."

"तुम्ही कधी नेलंत?"

"म्हणून तर म्हणतो, निदान चिखलात नेतो."

रविवारी दुपारी दोघं ओढ्यात उतरली. त्याने बसच्या चाकाची ट्यूब फुगवून आणली होती. चाळण, चौकट, बाटल्या सगळं त्या ट्यूबवर तरंगत पलीकडे गेलं. पहिल्या चौकटीत एकतीस गोगलगायी निघाल्या. काळ्या, लांब टोकदार शंखाच्या. दुसरीत चव्वेचाळीस, वर किडे आणि शिंपले. नवरा मोजायला बसला आणि तिसऱ्यांदा चुकला. "या हलतात गं!"

"जिवंत आहेत म्हणून हलतात. अहवालाला सांगा."

सातही जागा झाल्या तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. परतताना त्याची एक चप्पल चिखलाने ठेवून घेतली.

सोमवारी सकाळी तिने सात बाटल्या सरांच्या टेबलावर मांडल्या. सरांनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहराच पालटला. तरुणपणी त्यांनी याच गोगलगायीवर प्रबंध लिहिला होता.

"ही तर इथून नामशेष झाली होती!"

"कधी, सर?"

"आपल्या अहवालात!"

सर उठले, येरझाऱ्या घालू लागले. "तीन वर्षं शोध घेतला, मिळाली नाही. आणि आज पुनर्शोध! उद्या मी स्वतः उभा राहून सांगतो. मग कसला भराव नि कसली गोदामं!" मग ते थांबले. आवाज खाली आला. "फक्त वहीत त्या रेघांच्या जागी शून्य करा. गेलोच नव्हतो म्हटल्यावर शोध कसला लागला?"

"आणि रेघा राहिल्या तर?"

"तर जुना अहवाल आहेच की," सर गोड हसले.

चाळणताईने मनात हिशेब मांडला. खरं धरून बसावं तर चिखल जातो. चिखल वाचवावा तर वही जाते. इतकी शास्त्रशुद्ध कोंडी तिने पाहिली नव्हती.

तिने वही आणली, उघडली, पेन पुढे केलं.

"शून्यं तुम्हीच घाला, सर. माझ्या हाताला रेघेचीच सवय आहे."

"बरं, द्या."

"आणि वहीचा नियम तुम्हीच केलाय. खाडाखोड करायची नाही. जुनं दिसलं पाहिजे, शेजारी सही नि दुरुस्तीची तारीख."

"प्रत्येक ठिकाणी?"

"दर महिन्याला सात. छत्तीस महिने."

सरांना मान्य झालं. तारखेकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते उद्याच्या भाषणातलं पहिलं वाक्य जुळवत होते. ती शेजारी उभी राहून पानं उलटत गेली. शंभराव्या सहीला त्यांनी चहा मागवला. दोनशे बावन्नाव्या सहीला मनगट चोळत म्हणाले, "शास्त्रज्ञाचं आयुष्य सोपं नसतं, चाळणताई."

सुनावणीत सर अर्धा तास बोलले. शेवटी सभागृहाने टाळ्या वाजवल्या. गोदामवाल्यांच्या वकिलाला नकाशात नवा हिरवा रंग दिसला, तेवढ्यावर तो खाली बसला. भराव रद्द झाला. वही कुणी मागितली नाही.

ती कपाटात आहे. तीन वर्षांच्या रेघा, रेघांवर शून्यं, आणि प्रत्येक शून्याशेजारी सरांची झोकदार सही, सगळ्या एकाच सोमवारच्या. किल्ली चाळणताईकडे असते. कुणी वही बघायला मागितली तर ती लगेच काढून देणार आहे.