गोड माती

"इथली माती लई गोड लागती बघ," टँकरच्या रांगेतली एक गरोदर बाई शेजारणीला म्हणाली.

"खा, खा. मातीचंच पोरगं व्हईल तुला," शेजारीण हसली.

दुष्काळाचं वर्ष होतं आणि लातूर जिल्हा नुकताच झाला होता. अहमदपूरजवळ, त्या रांगेलगतच्या एका बंद भट्टीमागची माती मी तपासणीसाठी पिशवीत भरत होते. त्या भट्टीत जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवायचे. मातीला आलेली गोडी त्या शिशाचीच होती.

ती बाई ढेकूळ फोडायची, हळूच फुंकर घालायची आणि डोळे मिटून चघळायची. अनोळखी माणसांपुढे माझा आवाज फुटत नाही. तिनं दुसरं ढेकूळ उचललं, तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

"थुंका ते, ताई. विष आहे. बाळापर्यंत जाईल."