खालच्या फळीवरची ट्यूब

नळीवहिनींना विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं झाली. हुद्दा प्रयोगशाळा सहायक. कामं तीन: काचसामान धुणं, रोपांना पाणी घालणं आणि सरांना त्यांचाच चष्मा शोधून देणं. नळीवहिनी हे नाव त्या राहतात त्या इमारतीने ठेवलेलं. त्यांच्या स्वयंपाकघरात चमचे परीक्षानळ्यांच्या लाकडी स्टँडमध्ये उभे असतात, आणि चहात दूध पडतं ते टवका उडालेल्या मापाच्या काचपात्रातून. पाहुण्याला चाळीस मिलिलिटर. फार जवळच्या पाहुण्याला पन्नास. भाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात. एकूण काय, दोघांचाही संसार काचेवर चाललेला, आणि तरी आजवर तडा नाही.

वहिनींच्या आयुष्यात एकच ठसठस होती: नणंद. ही नणंद जिथे जाईल तिथे वहिनींची ओळख करून द्यायची, "ही आमची वहिनी. विद्यापीठात बाटल्या विसळते." वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लागायचं. सव्वीस वर्षांत त्या प्रयोगशाळेतून पोस्टरं निघाली, शोधनिबंध निघाले, ज्यांना पाण्याचा नळ कुठे हे वहिनींनी दाखवलं त्या पोरांची नावं छापून आली. वहिनींचं नाव कुठेही नाही. हजेरीपटावर होतं, पण तेही पेनाने लिहिलेलं.

दर उन्हाळ्यात प्रयोगशाळेत इंटर्न येतात. दोन महिन्यांचं संशोधन. संशोधन म्हणजे पहिल्या दिवशी पांढरा कोट घालून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावल्याचा फोटो. त्या सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी नसते, हे फोटोत कळत नाही, आणि दिवा लावलेला नसतो, हेही कळत नाही. दुसऱ्या दिवसापासून बाटल्या. तिसऱ्या आठवड्यात सरांना आठवतं की या पोरांना विषयही द्यायचा होता. मग मागच्या वर्षीचे विषय काढायचे, वर्ष बदलायचं आणि वाटायचे. शेवटी पोस्टर, प्रमाणपत्र, शिफारसपत्र. पोरं शास्त्रज्ञ होऊन घरी जातात आणि वहिनी त्यांचे कोट धुवायला टाकतात.

सरांबद्दलही सांगायला हवं. सर विभागप्रमुख. उंची भरपूर, आवाज भरपूर. रोपांच्या खोलीत मात्र वर्षातून दोनदा, तेही कुणाला तरी दाखवायला. त्यांच्या सहीवाचून खोलीत खिळाही ठोकायचा नाही असा नियम, आणि सही करायचा त्यांना भारी कंटाळा. कागद समोर ठेवला की त्यावर 'नंतर बघू' असं लिहायचे. हे दोन शब्द लिहायला सहीपेक्षा जास्त शाई लागते, पण ते असो.

यंदा सहा इंटर्न आले. पाच जण नेहमीचे. सहावी एक मुलगी, जिला बाकीचे 'शंका' म्हणायचे, कारण ती प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारायची. वहिनींना ती आवडली. ती बाटल्या आतून धुवायची. बाकीचे बाहेरून धुवायचे.

शंकाच्या वाट्याला आलेला विषय असा: सरांनी एका बाटलीत कसलेसे जिवाणू वाढवले होते, ते पाण्यातून घातले की रोपं जोमाने वाढतात का, ते बघायचं. दोन ट्रे. वरच्या फळीवर साध्या पाण्याचा, खालच्या फळीवर बाटलीतल्या पाण्याचा. मोजायचं काय, तर उंची. रोज सकाळी फूटपट्टी लावायची आणि वहीत लिहायचं. तीन आठवड्यांनी खालच्या ट्रेमधली रोपं दीडपट उंच झाली.

सरांच्या पायाला भिंगरी लागली. वर्षातून दोनदा येणारा माणूस दिवसातून दोनदा यायला लागला. दारात उभं राहून "दीडपट, दीडपट" म्हणायचा आणि जायचा. त्याच आनंदात शंकाने त्यांना गाठलं. रविवारी, सुट्टीच्या दिवशी पाणी काकूंनी (वहिनींना ती काकू म्हणायची) घातलंय, तर त्यांचंही नाव पोस्टरवर घालू का, म्हणाली. सर तेव्हा फोनवर कुणाला तरी दीडपट सांगत होते. त्यांनी हातानेच 'घाल' अशी खूण केली.

झालं. दुसऱ्या दिवशी दूध पन्नास मिलिलिटरवर गेलं, आणि तेही सगळ्यांना. पोस्टर मोठ्या सभागृहात लागणार, बघायला घरच्यांनाही परवानगी, ही बातमी तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत लिफ्टच्या आधी पोचली. वहिनींनी फोन करून नणंदेला मुद्दाम बोलावलं. भाऊजींनी न विचारताच एक फ्रेम आणून ठेवली, पोस्टरची छोटी प्रत बसेल एवढी.

आणि त्याच शनिवारी वहिनी खालच्या फळीसमोर खुर्ची ओढून बसल्या.

एरवी त्या उभ्याउभ्या पाणी घालून निघून जायच्या. आज आपलं नाव ज्या रोपांमुळे छापलं जाणार ती जरा नीट बघावीत, एवढंच मनात होतं. बघितलं. रोपं उंच होती, नाही असं नाही. पण पिवळट. देठ दोऱ्यासारखे. अर्धी तर शेजारणीच्या खांद्यावर मान टाकून पडलेली. वहिनींनी वर बघितलं. खालच्या फळीवरची ट्यूब दोन्ही टोकांना काळी पडलेली, दिवसातून चार तास पेटायची आणि बाकीचा वेळ नुसती डोळे मिचकावायची. ट्यूब बदलायला मिळावी म्हणून वहिनींनीच तीनदा मागणीपत्रक दिलं होतं. तिन्हींवर 'नंतर बघू'.

उजेड कमी पडला की रोप उजेड शोधत वर धावतं. अंगात काही नसतं, नुसती उंची. हे वहिनींना आधीच्या एका सरांनी पंचवीस वर्षांपूर्वी फडताळात ठेवलेली कुंडी दाखवून सांगितलं होतं. इथे फूटपट्टीने तीन आठवडे उंची मोजली गेली, पण रंग कुणी बघितला नाही. विषय उंचीचा होता ना. खरं तर सरांची स्वतःची वाढही अशीच झालेली, तेव्हा त्यांना त्यात काही वावगं न दिसणं साहजिकच.

वहिनी घरी आल्या आणि चहात दूध घालायचंच विसरल्या. भाऊजी म्हणाले, कोरा चांगला झालाय. फ्रेम समोरच्या टेबलावर होती.

सोमवारी त्यांनी तिसरा ट्रे भरला. तीच माती, तेच बी, साधं पाणी. खालच्या फळीवर, त्याच ट्यूबखाली. पोस्टरला अजून पंधरा दिवस होते. दहाव्या दिवशी तिसऱ्या ट्रेमधली रोपं माना टाकायला लागली. शंकाने फूटपट्टी लावली, वही उघडली, दहाव्या दिवसाचा जुना आकडा बघितला. तोच. तिने फूटपट्टी पुन्हा एकदा लावून बघितली.

"म्हणजे बाटलीचा काहीच संबंध नाही," ती म्हणाली.

"बाटली मी धुऊन ठेवते. तेवढा संबंध."

"काकू, पण मग तुमचं नाव जाईल."

वहिनी म्हणाल्या, "ते आलंच कुठे होतं अजून. तुला पत्र हवंय ना सरांचं? तू काही बोलू नकोस. मी बोलते."

आणि बोलल्याही. शुक्रवारी सरांच्या खोलीत जाऊन ट्यूब, फळी, तिसरा ट्रे, सगळं क्रमाने सांगितलं. सरांनी पोस्टरवरून नजर उचलली नाही. पोस्टरवर रोपांपेक्षा त्यांचाच फोटो मोठा होता. एवढंच म्हणाले, "बाई, संशोधनाचं आम्ही बघतो. तुम्ही बाटल्यांचं बघा."

नणंदेचंच वाक्य, फक्त माणूस शिकलेला.

पोस्टरचा दिवस आला. सभागृहात भाऊजी नव्या शर्टात, नणंद पहिल्या रांगेत. पोस्टरवर तळाला, शेवटच्या ओळीत, वहिनींचं नाव छापलेलं होतं. नणंदेने चष्मा पुसून वाचलं, मग पुन्हा पुसून पुन्हा वाचलं. सव्वीस वर्षांची भरपाई त्या अर्ध्या मिनिटात झाली, असं वहिनी अजूनही सांगतात. त्या अर्ध्या मिनिटानंतर त्यांना गप्प बसता आलं असतं.

सरांनी हुकूम सोडला होता की दोन्ही ट्रे टेबलावर मांडा, परीक्षकांना डोळ्यांनी बघू दे. वहिनींनी ढकलगाडीवरून ट्रे आणले. तीन आणले.

परीक्षक म्हणून बाहेरच्या एक म्हाताऱ्या प्राध्यापिका होत्या. त्यांनी पोस्टरकडे पाठ केली आणि थेट रोपांवर वाकल्या. पिवळं पान दोन बोटांत धरून विचारलं, "हा तिसरा कशाचा?"

सर म्हणाले, तो चुकून आलाय.

"चुकून नाही," वहिनी म्हणाल्या. "साधं पाणी आहे. फक्त खालच्या फळीवर ठेवला होता."

"आणि खालच्या फळीवर काय आहे?"

"ट्यूब नाही. म्हणजे आहे, पण असून नसल्यासारखी."

शंकाने तोवर वही उघडून पुढे धरली होती. तिला बोलू नकोस सांगितलं होतं, वही दाखवू नकोस असं कुणी म्हणालं नव्हतं. प्राध्यापिकांनी दोन पानं वाचली, चष्मा काढला आणि सरांना विचारलं की या पोस्टरवर ज्यांची नावं आहेत त्यांपैकी रोपं कुणी बघितली होती. सर म्हणाले, तांत्रिक बाबी तपासाव्या लागतील. पोस्टर संध्याकाळच्या आत उतरलं.

तीन दिवसांनी वहिनींना मेमो आला. विभागाचा छापील कागद, संगणकावर टंकलेलं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट: 'प्रयोगात विनापरवानगी हस्तक्षेप केल्याबद्दल खुलासा करावा.' वहिनींनी खुलासा चार ओळींचा लिहिला आणि मागे तिन्ही मागणीपत्रकं टाचली, प्रत्येकावर सरांच्या हस्ताक्षरातलं 'नंतर बघू' लाल पेन्सिलीने अधोरेखित करून. खुलाशाला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी घेऊन वायरमन आला, आणि खालच्या फळीवर नवी ट्यूब लागली. सही सरांचीच. शंकाला शिफारसपत्र मिळालं, दोन ओळींचं: मुलगी वक्तशीर आहे. त्यापुढे सरांना काही सुचलं नसावं.

फ्रेम रिकामी होती. वहिनींनी तिच्यात मेमो बसवला. कागद फ्रेमपेक्षा लहान, म्हणून भाऊजींनी खाली काळा पुठ्ठा घातला. आता ती फ्रेम बैठकीच्या खोलीत, दारातून शिरलं की समोर. नणंद मागच्या आठवड्यात आली होती. तिने दूध पडायच्या आधीच चहा हातात घेतला, फ्रेमपाशी गेली, अथपासून इतिपर्यंत वाचलं.

"अगं, यात तर तुला रागावलेत," ती म्हणाली.

"हो," वहिनी म्हणाल्या, "पण बाटल्यांबद्दल नाही." आणि काचपात्र उचलून तिच्या कपात मोजून चाळीस मिलिलिटर दूध ओतलं.