धोंड्याच्या महिन्यातला खून

मी रहस्यकथा लिहितो आणि माझ्या सासूबाई त्या फोडतात. बरीच वर्षं आमचं हे असंच चालू आहे.

रहस्यकथांचा नाद लागला तो मालेगावात. लहानपणी आम्ही तिथे राहायचो. स्टँडबाहेर एक माणूस जुनी पुस्तकं भाड्यानं द्यायचा आणि त्याला चिकटून एक भेळवाला बसायचा. दोघांचं साटंलोटं असावं, कारण बहुतेक पुस्तकांची शेवटची पानं भेळेबरोबर गेलेली असत. खुनी कळायच्या आत पुस्तक संपायचं. मी रडकुंडीला यायचो आणि मग शाळेत मागच्या बाकावर बसून शेवट आपला आपणच ठरवायचो. मोठे लेखक आपल्यावर कुणाकुणाचे संस्कार झाले ते सांगतात. माझ्यावर भेळवाल्याचे झाले.

आता नाशकात असतो. दिवसा विम्याच्या कचेरीत नोकरी, सकाळी लिखाण. लिहिताना डोक्यावर माकडटोपी लागते. पहिली कादंबरी कडाक्याच्या थंडीत लिहिली, ती खपली, तेव्हापासून टोपी काढायची हिंमत होत नाही. भर मे महिन्यात टोपी घालून, घामाघूम होऊन मी माणसं मारत बसतो. बायको म्हणते, "पोलिसांनी बघितलं तर पुस्तक न वाचताच उचलून नेतील."

कादंबरी पूर्ण झाली की प्रकाशकाच्या आधी ती दिंडोरीकडे जाते. तिथल्या एका खेड्यात माझी सासुरवाडी. बाहेर द्राक्षबाग आणि पडवीत सासूबाई. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. मामींना गोष्ट ऐकायची भारी हौस, पण चष्मा लावून वाचायचा कंटाळा. म्हणून मी वाचतो आणि त्या गहू निवडतात. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात सुपातला खडा उचलावा तसा खुनी उचलून बाजूला ठेवतात.

"डॉक्टर हे."

"कशावरून?"

"पोह्यांची बशी सरकवली ना त्यानं. दुसऱ्याच्या घरी जाऊन चहापोह्याला नको म्हणतो, तो माणूस सरळ नाय, जावईबापू."

पुढच्या कादंबरीत गाण्याचे मास्तर होते. ते "घरून जेवून आलोय" म्हणाले आणि त्याच वाक्याला पकडले गेले. मी घरी येऊन माझी सगळी पुस्तकं चाळली आणि गार पडलो. माझा एकही खुनी जेवत नव्हता! मनात पाप असलेल्या माणसाला भूक कशी लागेल, असं मला आपलं वाटायचं. मामींचा हिशेब त्याहून सोपा होता. "तुम्ही ज्याला उपाशी ठेवता, त्यानंच मारलेलं असतं," त्या म्हणाल्या.

वाचक फसतात, प्रकाशक फसतो, ही एक बाई फसत नाही. याचा मला इतका संताप यायला लागला की एके दिवशी स्वयंपाकघरात टोपी आपटून मी जाहीर केलं, "पुढची कादंबरीही त्यांनी ओळखली, तर माझं लिहिणं बंद!" बायकोनं टोपी उचलून खुंटीला लावली आणि भाजी ढवळत राहिली. मी मात्र खरंच बोललो होतो. गहू निवडता निवडता फुटणारं रहस्य लिहिण्यात कसली आलीय शोभा?

मग मी कट रचला. नव्या कादंबरीत एका बंगल्याच्या मालकाचा खून होतो आणि खुनी असतो त्याचा भाचा. त्या भाच्याला मी पहिल्या पानापासून चरायला सोडलं. तो मिसळ खातो, तर्री मागतो, जादा पाव मागतो, मयताच्या घरी शेवचिवडा खातो, पोलिस चौकशी करत असताना द्राक्षांचा घड संपवतो. निरपराध माळ्याला मात्र मी कडक उपास धरायला लावले. बिचारा चहाला नको, पोह्यांना नको, पाण्यालाही नको. हे सगळं लिहिताना मलाच इतकी भूक लागायची की शेवटी पट्टा सैल करावा लागला.

कादंबरी संपली ती नेमकी धोंड्याच्या महिन्यात. अधिकमासात जावयाला बोलावून वाण देतात. मामींनी पाटावर बसवून ओवाळलं, पुरणाचे धोंडे वाढले, वर तुपाची धार धरली. हात धुऊन मी वाचायला बसलो.

तिसरं प्रकरण गेलं, चौथं गेलं, मामी गप्प. एकदा फक्त लेकीच्या कानाशी लागल्या. चहाचं सांगत असतील, कारण थोड्या वेळानं चहा आला. शेवटच्या प्रकरणाआधी मी थांबलो.

"सांगा मामी, कोण?"

मामींनी सूप खाली ठेवलं. "माळी. पहिल्यापासनं उपाशीच हे त्यो."

मी पडवीत अक्षरशः नाचलो. कुत्रं भुंकायला लागलं. शेवटचं प्रकरण मी उभ्यानंच वाचलं. मामींनी तोंडावर हात नेला. "अगं बाई, भाचा! लय फसवलंत, जावईबापू." ते वाक्य मी त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

निघताना गाडीत अनारशांचा डबा आला, तांब्याचं ताम्हण आलं, शर्टाचं कापड आलं. वाटेत मी न लिहिलेल्या कादंबऱ्याही बायकोला सांगून टाकल्या. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

"हसतेस का?"

"आईनं मिसळीलाच ओळखलं होतं. माझ्या कानात म्हणाली, ह्या भाच्याला एवढं का चारताहेत? ह्यानंच मारलंय."

मी गाडी बाजूला घेतली. "मग माळी का म्हणाल्या?"

"तुम्ही टोपी आपटलेली मी तिला सांगितलं होतं. म्हणाली, त्यांनी लिहायचं सोडलं तर मला वाचून कोण दाखवणार? आन् धोंड्याचा महिना हे, जावयाला काय रिकाम्या हातानं पाठवू?"

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. माझ्या लिखाणासाठी आजवर कुणी एवढं काही दिलं नव्हतं. बायकोनं अनारशांचा डबा उघडून पुढे केला.

"नको," मी म्हणालो. मग आपण काय बोलून बसलो ते लक्षात आलं आणि दोन अनारसे उचलले.