गेटला कुलूप होतं

गेल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या दोन मैत्रिणींबरोबर मी दोन दिवस रेवदंड्याला गेले. निघताना पप्पांनी एकच काम सांगितलं होतं. "माझ्या आजीची कबर तिथल्या कबरस्तानात आहे. माझे गुडघे आता साथ देत नाहीत. तू जा, एक खडा ठेवून ये." आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आमच्यात कबरीवर खडा ठेवतात.

मैत्रिणींना यातलं काही माहीत नव्हतं. आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, घरी मराठी बोलतात, एवढ्यावर माझी दोन वर्षं निभली होती. कोणी विचारत नाही तोवर मी सांगत नाही, ही शाळेपासूनची सवय.

पहिला दिवस छान गेला. चौलची देवळं, किल्ल्याची पडकी तटबंदी, सुपारीच्या वाडीतली गार सावली. दुसऱ्या दिवशी होमस्टेच्या काकूच म्हणाल्या, "ज्यू लोकांचं कबरस्तान बघाचं हाय? चावी माझ्याकडंच हाय."

आत गवत कापलेलं होतं. एक मैत्रीण दगडावरची अक्षरं वाचायला लागली. "अय्या, मराठीत आहे! आणि हे बघ, तुझं आडनाव! तुझी पणजी वगैरे का?"

"कॉमन आडनाव आहे गं," मी म्हणाले. दगडावरचं नाव पप्पांच्या आजीचंच होतं.

"मग पणजीबरोबर एक फोटो काढ माझा," म्हणत ती कबरीच्या कडेवर बसली. मी फोटो काढला. ती नीट हसली नव्हती म्हणून दुसराही काढला. खडे पायाशीच पडले होते. वाकले असते तर दोघींनी विचारलं असतं.

बाहेर काकू पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. "ती लोकं भायेर पडताना हात धुतात. आमच्या सासूबाई पानी ठेवायच्या, म्हणून मीपन ठेवते."

मैत्रिणी हसून चपला झटकत पुढे गेल्या. माझे हात मात्र आपोआप पुढे झाले होते. धुतले आणि न पुसता तसेच निथळू दिले, घरी सगळे करतात तसे.

काकू बघत राहिल्या. "त्यांच्यातली काय गं तू?"

"नाही. उकडतंय फार."

"बरं," म्हणून त्यांनी आणखी थोडं पाणी ओतलं.

नवीन पनवेलला घरात पाऊल ठेवताच पप्पांनी विचारलं. गेटला कुलूप होतं, मी सांगितलं.

"असं कसं? ती बाई हाक मारायच्या आधी चावी घेऊन येते." मग मम्मीला म्हणाले, "कंटाळली असेल तीही. आपलंच कोणी जात नाही, तिने किती दिवस बघायचं?" आणि फोन हातात घेऊन चष्मा शोधायला लागले. "फोन करून विचारतो तरी."

"नको पप्पा, कशाला त्यांना बोलायचं?" मी घाईने म्हणाले.

पप्पांनी फोन खाली ठेवला. "तेही खरं. समजूतदार आहेस तू," ते म्हणाले, आणि मम्मीने माझं ताट वाढलं.