अकराव्या नंबरची नोंद

लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे सिनेमात दाखवतात तसं काहीतरी असणार. काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि दोन मिनिटांत सगळं उघडं. मी या कामात बरीच वर्षं काढली आणि त्यातला बहुतेक वेळ याद्या करण्यात घालवला. मालकाची परवानगी घेऊन त्याच्याच कॉम्प्युटरमध्ये कुठून कुठून शिरता येतं ते शोधायचं, याला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात. शोधणं त्यातल्या त्यात सोपं. स्कॅनर नावाचा प्रोग्रॅम चालू करून जेवायला जावं, परत येईपर्यंत तो शे-दोनशे फटी काढून ठेवतो, धोक्याप्रमाणे लाल, पिवळ्या आणि हिरव्या. खरी कटकट त्यानंतरची. ज्याने ते सॉफ्टवेअर लिहिलेलं असतं तो यादी चाळतो, सुस्कारा टाकतो आणि विचारतो, "मॅडम, यातलं करायलाच पाहिजे असं किती आहे?"

माझं उत्तर ठरलेलं असायचं, दहा. दहापेक्षा जास्त सांगितलं तर माणसं एकही करत नाहीत, हे मी पहिल्या दोन वर्षांतच शिकले होते. त्यामुळे माझी सगळी हुशारी कशात गेली, तर दहावा कोण आणि अकरावा कोण हे ठरवण्यात.

दोन हजार सातच्या आसपास वसईतल्याच एका हॉस्पिटलचं काम आमच्या कंपनीकडे आलं. मी वसईतल्या होळी बाजाराजवळची, आमची भाजीची वाडी तिथेच, म्हणून साहेबांनी ते माझ्या गळ्यात घातलं. तीन आठवडे अंधेरीच्या ऑफिसला जायचं नव्हतं, दुपारी घरी येऊन जेवता येणार होतं. एवढ्यावरच मी खूश झाले. तेव्हा माझी खूश व्हायची पातळी तितपतच उरली होती.

हॉस्पिटलला लॅबचे रिपोर्ट इंटरनेटवर टाकायचे होते. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या माणसाला एका कागदासाठी अर्धा दिवस मोडून यायला लागू नये, हा हेतू. तोवर आमच्या आळीतली पद्धत अशी की जो कोणी बाजाराला निघेल तो सगळ्यांचे पाव आणि सगळ्यांचे रिपोर्ट घेऊन यायचा. कोणाचा रिपोर्ट कोणी आणला याचं कोणाला काही वाटायचं नाही. लिफाफा तेवढा बंद असायचा.

नवी व्यवस्था साधी होती. पेशंटला एक कार्ड मिळायचं, त्यावर नंबर, नाव आणि वय. साइटवर नंबर टाकायचा आणि पासवर्ड म्हणून जन्मतारीख. पाच वेळा चुकलं की खातं बंद.

याच दिवसांत एका दुपारी आत्या वाडीत आली. बाबांची धाकटी बहीण, दोन आळ्या पलीकडे राहायची. यजमान जाऊन खूप वर्षं झाली होती, घरात ती आणि तिची मुलगी. मुलीचं लग्न अर्नाळ्याच्या एका घरात ठरलं होतं, वैशाखातला मुहूर्त धरला होता. आणि आत्याला टीबी निघाला होता. हे बाबांना आणि मला सोडून कोणालाही ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती वेगळ्या खोलीत झोपायची, वेगळा पेला वापरायची आणि गोळ्या चुकवायची नाही. मुलीला आणि बाकी सगळ्यांना सांगितलं होतं की कावीळ झाली आहे. आमच्याकडे आईला टीबी म्हटलं की पोरीचं स्थळ गेलंच. हे चूक आहे, अडाणीपणाचं आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्यामुळे गेलेलं स्थळ परत येत नसतं.

बाबा पालकाच्या जुड्या बांधत होते. आत्या त्यांच्याजवळ बसली, एक जुडी उगाच सोडून पुन्हा बांधली आणि मला म्हणाली, "बाय, तू त्या हास्पिटलात कॉम्पूटरचं बघतं ना? माजा कागूद कोनाला दिसनार तर नाय?"

"नाही गं आत्या. कोणाला नाही दिसणार. त्यासाठीच तर मला बसवलंय तिथे."

"वैशाखापर्यंत तरी नको दिसाया. मंग काय ते व्हवदे."

मी हसून तिच्या हातातली जुडी काढून घेतली. माझं काम होतं आणि मला ते येत होतं, त्यामुळे बोलताना जीभ जराही अडखळली नाही.

दुसऱ्या आठवड्यात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याबरोबर बैठक झाली. तो एकटाच होता, पन्नाशीकडे झुकलेला, माझ्याइतकाच थकलेला. त्याच्याकडे आठ दिवस होते. मी माझी यादी पुढे केली. पहिल्या आठ गोष्टींवर वाद नव्हता, नवव्यावर थोडा झाला. मग दोन उरल्या. एक, वेब सर्व्हरची आवृत्ती जुनी होती, स्कॅनरने तिला लाल रंग दिला होता. दुसरी, पासवर्ड म्हणून जन्मतारीख. ती पिवळी होती.

लाल म्हणजे लाल असं मी कधीच मानलं नाही. त्या जुन्या आवृत्तीतली फट ज्या सोयीत होती, ती सोय या हॉस्पिटलने चालूच केलेली नव्हती, हे मी स्वतः तपासलं होतं. तरी लाल काही बाकी ठेवलं तर साहेब अर्धा तास डोकं खाणार, हे दिसत होतं. आणि पिवळीचं गणित मी कागदावर मांडून दाखवलं. शंभर वर्षांच्या मिळून छत्तीस हजारांवर तारखा, आणि हातात पाच प्रयत्न. नेम लागणार कसा?

"शिवाय पासवर्ड बदलायची सक्ती केली तर म्हाताऱ्या माणसांना झेपायचं नाही," तो म्हणाला. "काउंटरवर रांग लागेल. पुढच्या फेरीत बघू."

"बघू," मी म्हटलं. लाल दहाव्या नंबरवर गेली, पिवळी अकराव्या. खरं सांगायचं तर मला घरी जाऊन जेवायचं होतं.

साइट सुरू झाली आणि लोकांना आवडली. आमच्या आळीत एक सायबर कॅफे होता, तीन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. चालवणारा बाबांच्या चुलतभावाचा मुलगा, मी त्याला दादा म्हणायचे. माणूस इतका मदतीचा की कधी कधी राग यावा. बाजाराला जाणाऱ्याने सगळ्यांचे रिपोर्ट आणायची आमची पद्धत त्याने आपसूक स्वतःकडे घेतली. म्हाताऱ्यांनी दर वेळी कार्ड शोधत बसू नये म्हणून त्याने एका वहीत आळीतल्या सगळ्यांचे नंबर आणि वयं उतरवून ठेवली. ती वही मी पाहिली होती. चांगली कल्पना आहे, असंही म्हणाले होते. आज आठवलं की कानशिलं तापतात.

फाल्गुनाच्या शेवटी एक दिवस मी घरी आले तर बाबा ओट्यावर नुसते बसलेले. हाताला काम नसताना त्यांना मी फारसं पाहिलेलं नाही.

"अर्नाळ्याच्यांनी नाय म्हणून सांगितलं," ते म्हणाले. "त्यांना समजलंय."

मी तशीच कॅफेवर गेले. दादाने काही लपवलं नाही, उलट रडवेला झाला होता. नवऱ्या मुलाचा मामा मांडवाचं बोलायला आळीत आला होता. आता सोयरे होणार म्हणून दादाने त्याला आत बसवलं, सोडा मागवला. मामाने सहज विचारलं, विहीणबाईंची कावीळ बरीच लांबली म्हणे? दादाला त्या प्रश्नात शंका जाणवली. म्हणून ती मिटवायला त्याने वही काढली, आत्याचा नंबर टाकला आणि मामासमोरच रिपोर्ट उघडला.

"मी आपला भल्यासाठी उगडला गं. म्हटलं, कागूद बगितला की त्यांच्या मनातला किंतू जाईल. मला काय म्हायत, कावीळ नाय ती."

"पण तुला तिची जन्मतारीख कोणी दिली?" माझा आवाज चढला होता. बाजूला बसलेलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

दादाने माझ्याकडे मी काहीतरी वेड्यासारखं विचारल्यासारखं पाहिलं. "द्यायला कशाला पायजे? पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांची एक जूनच की. मास्तरांनी घातलेली. वरीस वयावरनं काढायचं, फार तर दोनदा चुकतंय."

मी खुर्चीत बसले. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही की मास्तर एक जून लिहायचे, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. बाबांचा वाढदिवस एक जून. आत्याचा एक जून. दर वर्षी त्या दिवशी आम्ही दोघांना एकत्र ओवाळायचो आणि अख्खी आळीच एका दिवशी जन्मली म्हणून चेष्टा करायचो. छत्तीस हजार तारखांचं गणित मांडताना माझ्या डोक्यात ओवाळणीचं ते तबक आलं नाही. स्कॅनर परदेशात बनलेला, त्याला एक जून माहीत नसणारच. मला कंपनीने या कामावर घातलं होतं ते मी इथली म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. यादीतलं अकरावं पहिलं करा, म्हटलं. त्याने कारण विचारलं, मी सांगितलं. मग त्याने काम केलं. दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत झालंसुद्धा. एवढंसंच काम होतं ते.

नंतर आत्याकडे जायला मला आठवडा लागला. हॉस्पिटलने आता पेशंटला हवा तो पासवर्ड लिहून द्यायचा फॉर्म काढला होता, तो घेऊन गेले. मोकळ्या हाताने जायची हिंमत नव्हती. आतेबहिणीने चहा आणून ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेली. आम्ही एका शाळेत जायचो, एका छत्रीतून.

आत्या खाटेवर बसली होती, तिचा वेगळा पेला बाजूला. मी सगळं सांगितलं. दहावा, अकरावा, लाल, पिवळा. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण तिने मध्ये तोडलं नाही.

"तुला ठाव नव्हतं का, माजी तारीख मास्तरांची ते?"

"ठाऊक होतं."

"मंग?"

आठवलं नाही, एवढंच. ती रागावली असती तर मी रडून मोकळी झाले असते. ती रागावली नाही. मी फॉर्म पुढे केला, पेन काढलं आणि म्हटलं, "आत्या, आता दुसरं काहीतरी लिहूया. तुलाच माहीत असेल असं. कोणाला ओळखता येणार नाही."

तिने फॉर्म हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि परत दिला.

"ऱ्हाऊ दे बाय, एक जूनच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आता कोनापासून लपवायचंय?"

मी फॉर्मची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला आणि गार झालेला चहा प्यायले.